नियम सर्वांना सारखा, माप मात्र एकाचेच

अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मोबील या शहरात मे २०१० मध्ये एक कृष्णवर्णीय तरुणी नोकरीच्या मुलाखतीसाठी गेली होती. विम्याच्या दाव्यांसंबंधी ग्राहकांचे जे दूरध्वनी येतात त्यांना उत्तरे देणे, असे त्या कामाचे स्वरूप होते. ग्राहकाला तिचा केवळ आवाज ऐकू येणार होता. तिचे दर्शन त्याला कधी घडणार नव्हते. कार्यालयाला शोभेल असा निळा सूट तिने परिधान केला होता. मुलाखत चांगली झाली आणि इतर उमेदवारांबरोबर तिचीही निवड झाल्याचे सांगण्यात आले. त्यानंतर मात्र कर्मचारी विभागाच्या व्यवस्थापिकेने तिच्या केसांचा विषय काढला. ते आखूडच होते, पण जटांप्रमाणे वळलेले होते. या रचनेला तिकडे ‘ड्रेडलॉक्स’ म्हणतात. असे केस ठेवून आपल्याला येथे घेता येणार नाही, ते पुढे अस्ताव्यस्त होतात, तुमचे तसे आहेत असे मात्र माझे म्हणणे नाही, अशा आशयाचे उत्तर व्यवस्थापिकेने दिले. तरुणीने केस कापण्यास नकार दिला. काही क्षणांपूर्वी हाती पडलेले नोकरीचे कागद तिला तेथेच परत करावे लागले.

नोकरीतील भेदभावाची दाद लावणारा अमेरिकन सरकारचा समान रोजगार संधी आयोग २०१३ मध्ये हे प्रकरण घेऊन न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. सप्टेंबर २०१६ मध्ये संघीय अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला आणि पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दारही उघडले नाही. अपील न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : १९६४ चा नागरी हक्क कायदा वंशावरून केल्या जाणाऱ्या भेदभावाला मनाई करतो. वंश म्हणजे जन्माने लाभलेली, बदलता न येणारी लक्षणे. केस कोणत्या पद्धतीने वळवावेत हा ज्याच्या त्याच्या आवडीचा आणि संस्कृतीचा भाग झाला. तो बदलता येतो. कंपनीचा नियम गोऱ्यांना आणि काळ्यांना सारखाच लागू आहे. मग त्यात वंशभेद कोठे आला?

वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. शाळेतील गणवेशाची आणि कचेरीतील शिस्तीची सवय असलेल्या कोणालाही तो पटेल. नोकरी हवी असेल तर मालकाचा नियम पाळावा, केस काय पुन्हा वाढतील, असे सहज म्हटले जाईल. परंतु नियम सर्वांना सारखा असला म्हणजे तो न्याय्य ठरतो काय, हा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. उलट तो येथूनच सुरू होतो.

एका लांब केसांच्या तरुणाचा वारसा

ज्या सूत्राच्या आधारे २०१६ मध्ये हा निकाल लागला, त्याचा उगम मोठा उद्बोधक आहे. जॉर्जिया राज्यातील मेकन या गावी १९७० मध्ये एका तरुणाने ‘मेकन टेलिग्राफ’ या वृत्तपत्रात जाहिरातींची मांडणी करणाऱ्या कलाकाराच्या जागेसाठी अर्ज केला. त्याचे केस लांब होते. त्याच उन्हाळ्यात मेकनजवळच्या बायरन या गावी एक प्रचंड संगीतमहोत्सव भरला होता आणि त्या निमित्ताने लांब केसांच्या तरुणांचे लोंढे त्या भागात येऊन गेले होते. त्यांच्या वागण्याने स्थानिक व्यापारी मंडळी अस्वस्थ झाली होती. अशा केसांचा माणूस आपल्या कार्यालयात दिसला तर जाहिराती देणारे नाराज होतील, या विचाराने वृत्तपत्राने त्याला नोकरी नाकारली.

स्त्रीला लांब केसांसह नोकरी मिळते, पुरुषाला मिळत नाही, तेव्हा हा लिंगभेद आहे, असे त्या तरुणाचे म्हणणे होते. अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९७५ मध्ये ते अमान्य केले. केसांची लांबी ही काही जन्मजात आणि अटळ गोष्ट नव्हे. नोकरी आणि केस यांतून काय निवडायचे हे अर्जदाराच्या हाती आहे. म्हणून असा नियम समान संधीच्या तत्त्वाशी संबंधित नसून धंदा कसा चालवावा याविषयीच्या मालकाच्या अधिकाराशी संबंधित आहे, असे न्यायालयाने ठरविले.

या खटल्यात वंशाचा प्रश्नच नव्हता. केस कापल्याने त्या तरुणाच्या पूर्वजांचा, त्याच्या समाजाचा किंवा त्याच्या केसांच्या उपजत प्रकृतीचा अवमान होत होता, असे त्याचेही म्हणणे नव्हते. परंतु कायद्यात एकदा रूढ झालेले सूत्र आपल्या जन्मस्थळाची आठवण ठेवीत नाही. हिप्पी पंथाच्या भीतीतून जन्मलेल्या एका वादात ‘जे बदलता येते त्याला संरक्षण नाही’ असे जे म्हटले गेले, तेच एक्केचाळीस वर्षांनी मोबीलच्या तरुणीपुढे पूर्वनिर्णय म्हणून उभे राहिले.

वेण्या आणि गंगावन

दरम्यानच्या काळात याच सूत्राची कसोटी न्यूयॉर्कमध्ये लागून गेली होती. ‘रॉजर्स विरुद्ध अमेरिकन एअरलाइन्स’ या नावाने तो खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. या विमानकंपनीत सुमारे अकरा वर्षे नोकरी केलेली एक कृष्णवर्णीय स्त्री विमानतळावर प्रवाशांचे स्वागत करणे, त्यांचे सामान तपासून घेणे अशी कामे करीत असे. डोक्याच्या त्वचेलगत घट्ट विणलेल्या बारीक वेण्यांच्या समांतर ओळी, असे तिच्या केशरचनेचे स्वरूप होते. मक्याच्या शेतातील ओळींवरून तिला ‘कॉर्नरोज’ हे नाव पडले आहे. संपूर्ण डोक्यावर अशा वेण्या घालण्यास कंपनीच्या नियमांची मनाई होती. ही रचना कृष्णवर्णीय स्त्रियांच्या इतिहासाचा आणि संस्कृतीचा भाग आहे, असे वादीने न्यायालयापुढे मांडले.

१९८१ च्या निकालात न्यायालयाने तिचे म्हणणे स्वीकारले नाही. नियम सर्व वंशांना सारखा आहे आणि वेणी ही सहज बदलता येणारी गोष्ट आहे, ही कारणे त्यात होतीच. त्याखेरीज आणखी एका गोष्टीची नोंद निकालपत्रात आहे. ‘टेन’ या १९७९ च्या चित्रपटात बो डेरेक या गोऱ्या अभिनेत्रीने अशा वेण्या घातल्या होत्या. त्या लोकप्रिय झाल्यावर लवकरच वादी तशा वेण्या घालून कामावर येऊ लागली, असे कंपनीचे म्हणणे होते. आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि गुलामगिरीच्या काळातही टिकून राहिलेली एक रीत अशा प्रकारे एका चित्रपटाच्या पदरी बांधली गेली. गोऱ्या नटीच्या अंगावर जी रचना नवलाईची म्हणून मिरवली, तीच काळ्या कर्मचारी स्त्रीच्या डोक्यावर अनुचित ठरली, हा विरोधाभास मात्र निकालाला जाणवला नाही.

कंपनीने एक तडजोडही सुचविली होती. वेण्या सोडण्याची सक्ती नाही, पण कामाच्या वेळात त्यांचा अंबाडा बांधून त्यावर गंगावन गुंडाळावे, असा तो तोडगा होता. गंगावनाने आपले डोके दुखते, अशी त्या स्त्रीची तक्रार होती. त्यावर तिने मोठे गंगावन वापरावे, असा मार्ग न्यायालयाने दाखविला. आपल्याकडे गंगावन ही विरळ केसांच्या स्त्रीची गरज किंवा लग्नकार्यातील हौस असते. येथे भरघोस केस असलेल्या स्त्रीने आपले केस झाकण्यासाठी परके केस डोक्यावर वागवावेत, असे सांगितले गेले. सारख्या नियमाचा भार सर्वांच्या डोक्यावर सारखा पडत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला शोधावा लागणार नाही.

या निकालातील आणखी एक सूक्ष्म भेद पाहण्याजोगा आहे. केस नैसर्गिक अवस्थेत गोलाकार वाढू देण्याची जी ‘आफ्रो’ पद्धत, तिच्यावर बंदी घातली तर कदाचित वंशभेदाचा प्रश्न उद्भवेल, कारण ते केस निसर्गाने दिलेले आहेत, असे न्यायालयाला वाटले. म्हणजे तेच केस मोकळे असले तर कायदा त्यांचा विचार करील, पण विंचरून, विणून, नीट बांधले की ते संरक्षणाला पारखे होतील. नीटनेटकेपणाच्या नावाने केलेल्या नियमाने केस नीट बांधण्यालाच शिक्षा करावी, असा हा प्रकार झाला.

केसांचा स्वभाव आणि रसायनांची किंमत

वेणी किंवा जटा ही केवळ आवड आहे, या समजुतीच्या मुळाशी केसांविषयीचे अज्ञान आहे. केसाचा आकार त्वचेतील ज्या मुळातून तो उगवतो त्याच्या घडणीवर अवलंबून असतो. मूळ सरळ असेल तर केस सरळ वाढतो. मूळ वक्र असेल तर तो वळणे घेत वर येतो. आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य लोकांचे केस अतिशय घट्ट वळणांचे असतात. त्वचेतून पाझरणारे तेल सरळ केसावरून खाली उतरते, तसे ते या वळणांवरून उतरत नाही. त्यामुळे असे केस लवकर कोरडे होतात, एकमेकांत गुंततात आणि रोज फणी फिरविली तर तुटतात. ते बारीक वेण्यांत बांधून ठेवणे किंवा पिळून त्यांच्या बटा करणे, ही त्यांची निगा राखण्याची अनुभवाने सिद्ध झालेली रीत आहे. सरळ केसांच्या माणसाला रोज तेलफणी करणे जितके स्वाभाविक, तितकीच ही रीत त्या केसांना स्वाभाविक आहे.

ही रीत निषिद्ध ठरली की उरतो तो मार्ग केस सरळ करण्याचा. त्यासाठी तापविलेल्या धातूच्या फण्या वापरल्या जात आणि पुढे तीव्र रसायने आली. केस सरळ करणाऱ्या अनेक मिश्रणांत दाहक सोडा असतो. जरा वेळ चुकली तर टाळू भाजते. केस उगवतच राहतात, म्हणून ही प्रक्रिया दर काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. त्यात पैसा, वेळ आणि वेदना तिन्ही खर्ची पडतात.

प्रश्न एवढ्यावरही थांबत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांतील संशोधकांनी २०२२ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. ३३,४९७ स्त्रियांची सुमारे अकरा वर्षांची माहिती तीत होती. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरलेल्या स्त्रियांना वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण शेकडा १.६४ असेल, तर ती वारंवार वापरणाऱ्यांत ते शेकडा ४.०५ असेल, असा अंदाज तीवरून निघाला. ही रसायनेच रोगाचे कारण होत, असे एका पाहणीने सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही मागील वर्षात ती वापरल्याचे सांगणाऱ्यांपैकी सुमारे साठ टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या, ही गोष्ट दृष्टिआड करता येणार नाही. ‘केस बदलता येतात’ हे न्यायालयातील वाक्य उच्चारण्यास सोपे आहे. तो बदल कोणाच्या शरीराला किती महाग पडतो, याचा हिशेब मात्र त्या वाक्यात धरलेला नाही.

‘बदलता येते’ हा निकष किती खरा?

आता मूळ सूत्राकडे वळू. जे बदलता येते त्याला कायद्याचे संरक्षण नाही, हे तत्त्व खुद्द त्या कायद्यालाच मान्य आहे काय? १९६४ च्या कायद्याने ज्या कारणांवरून भेदभाव करण्यास बंदी केली, त्यांत वंश, वर्ण, लिंग आणि मूळ राष्ट्र यांच्याबरोबर धर्माचाही समावेश आहे. धर्म तर माणसाला बदलता येतो. असे असूनही १९७२ च्या दुरुस्तीने कर्मचाऱ्याच्या धार्मिक आचाराला शक्य तितकी सवलत देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका मुस्लिम तरुणीचे प्रकरण आले. डोक्याला रुमाल बांधते म्हणून कपड्यांच्या एका दुकानाने तिला नाकारले होते. दुकानाचा नियम सर्वांना सारखाच होता : कोणीही डोक्यावर काही घालू नये. तरीही आठ विरुद्ध एक अशा मतांनी न्यायालयाने आयोगाची, म्हणजे पर्यायाने त्या तरुणीची बाजू उचलून धरली. रुमाल तर एका क्षणात काढून ठेवता आला असता; पण तिने तो काढावा, असे न्यायालयाने म्हटले नाही.

शिखांच्या केसांना आणि फेट्याला अमेरिकेत जे संरक्षण मागता येते तेही याच धार्मिक तरतुदीच्या आधाराने. श्रद्धेसाठी राखलेले केस कायद्याला समजतात. इतिहासातून आणि शरीराच्या घडणीतून आलेले केस मात्र त्याला फॅशन वाटतात. तेव्हा ‘बदलता येते की नाही’ हा निकष वाटतो तितका निर्णायक नाही. खरा निकष असा असावयास हवा की, तो बदल करावयास लावण्याचा अधिकार मालकाला कशामुळे पोचतो आणि त्याची झळ नेमकी कोणाला बसते?

या झळीला इतिहास आहे. लुइझियाना प्रांत स्पेनच्या ताब्यात असताना १७८६ मध्ये तेथील गव्हर्नर एस्तेबान मिरो याने एक फर्मान काढले. मुक्त कृष्णवर्णीय स्त्रियांनी केसांचा शृंगार करू नये, डोके फडक्याने बांधून ठेवावे, असा त्याचा आशय होता. केसांचे सौंदर्य मिरविणारी स्त्री आपली पायरी विसरते, ही भीती त्यामागे होती. त्या स्त्रियांनी ती फडकी इतक्या कलाकुसरीने बांधली की शिक्षेचे चिन्हच अलंकार झाले, ही गोष्ट वेगळी. तात्पर्य, काळ्या स्त्रीने आपले केस झाकावेत ही अपेक्षा विमानकंपन्यांच्या नियमपुस्तिकांनी प्रथम शोधून काढलेली नाही. तिला निदान दोन शतकांचा इतिहास आहे.

शिस्तीची गरज आणि शिस्तीचे निमित्त

याचा अर्थ मालकाने कसलाच नियम करू नये असा नाही. फिरत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने केस बांधले पाहिजेत, स्वयंपाकघरात काम करणाऱ्याने ते जाळीत ठेवले पाहिजेत, शस्त्रक्रियेच्या दालनात ते टोपीखाली असले पाहिजेत, याविषयी दुमत होणार नाही. हे नियम कामातून जन्मलेले आहेत. त्यांचे कारण सांगता येते आणि ते पाळण्यासाठी कोणालाही आपल्या केसांचा स्वभाव बदलावा लागत नाही. ‘व्यावसायिक दिसावे’, ‘अतिरेकी केशरचना नसावी’ अशा संदिग्ध शब्दांतील नियमांची जात वेगळी आहे. व्यावसायिक म्हणजे कसे, अतिरेक कोणता, हे नियमात लिहिलेले नसते. ते नियम राबविणाऱ्याच्या मनात असते. त्याच्या मनातील आदर्श कर्मचाऱ्याचे केस जर सरळ असतील, तर वळणदार केस त्याला आपोआप बेशिस्त वाटू लागतात. त्याला स्वतःला आपण पक्षपात करीत आहोत असे वाटतही नाही, आणि हीच या नियमांतील खरी अडचण आहे.

शिस्तीच्या बाबतीत सैन्याइतकी काटेकोर संस्था दुसरी नसेल. अमेरिकन लष्कराने मार्च २०१४ मध्ये आपले वेशविषयक नियम प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांत जटांना आणि पिळलेल्या बटांना मज्जाव होता, वेण्यांवर कडक मर्यादा होत्या आणि काही रचनांसाठी गबाळेपणाचे शब्द योजलेले होते. काँग्रेसमधील कृष्णवर्णीय स्त्री-सदस्यांनी त्यास आक्षेप घेतला. संरक्षणमंत्री चक हेगल यांनी फेरविचाराचा आदेश दिला आणि त्याच वर्षी ते मानहानिकारक शब्द वगळून नियम सैल करण्यात आले. जानेवारी २०१७ मध्ये स्त्री-सैनिकांना जटांचीही मुभा मिळाली. त्यामुळे लष्कराची शिस्त ढासळली नाही. सैनिकाच्या शिरस्त्राणाखाली जी रचना चालते ती दूरध्वनीवर बोलणाऱ्या कारकुनाला का चालू नये, या प्रश्नाचे उत्तर देणे कोणत्याही कंपनीला कठीण जाईल.

कायद्याने बोलले पाहिजे

न्यायालये जुन्या शब्दांच्या चौकटीत अडकली, तेव्हा ही कोंडी विधिमंडळांनी फोडावयास हवी होती. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ मध्ये ते काम केले. सिनेटर हॉली मिचेल यांनी मांडलेला हा ‘क्राऊन’ कायदा १ जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याने नवा हक्क निर्माण केला असे म्हणण्यापेक्षा जुन्या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला, असे म्हणणे अधिक योग्य होईल. ‘वंश’ या शब्दात वंशाशी ऐतिहासिक संबंध असलेली लक्षणेही येतात. केसांचा पोत आणि वेण्या, जटा, पिळलेल्या बटा यांसारख्या रचना ही तशी लक्षणे होत, एवढेच त्याने सांगितले. त्यानंतर न्यूयॉर्क, न्यू जर्सी असे करीत अमेरिकेतील सुमारे निम्म्या राज्यांनी या स्वरूपाचे कायदे केले. देशव्यापी कायद्याची विधेयके प्रतिनिधिगृहाने २०२० आणि २०२२ मध्ये संमत केली, पण सिनेटने ती संमत केली नाहीत. म्हणजे राज्याची सीमा ओलांडली की त्याच केसांचा दर्जा बदलू शकतो.

कायदा झाल्यावरही शब्दांची लढाई संपत नाही, हे टेक्सासने दाखविले. तेथे असा कायदा १ सप्टेंबर २०२३ रोजी अमलात आला. त्याच सुमारास एका शाळेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला वर्गातून वेगळे काढले. शाळेचे म्हणणे असे की, आमचा आक्षेप जटांना नाही. त्या मोकळ्या सोडल्या तर मुलग्यांसाठी ठरविलेल्या लांबीपलीकडे जातात, याला आहे. वास्तविक तो त्या डोक्यावर बांधून येत असे. कायद्यात लांबीचा उल्लेख नाही, असे कारण देऊन न्यायाधीशांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळेच्या बाजूने निकाल दिला. जटा या वाढण्यासाठीच असतात. रचनेला परवानगी आणि वाढीला बंदी, ही परवानगी नावापुरतीच उरते. शिक्षकांनी या प्रकरणाकडे विशेष लक्ष द्यावे. त्या मुलाच्या अभ्यासाचे कित्येक महिने मोजपट्टीच्या वादात गेले.

फ्रान्समध्ये हाच प्रश्न उलट बाजूने आला. एअर फ्रान्सचा एक कृष्णवर्णीय पुरुष कर्मचारी २००५ पासून आफ्रिकी वेण्यांचा अंबाडा बांधून कामावर येऊ लागला, तेव्हा त्याला विमानात जाण्यापासून रोखण्यात आले. कामावर राहता यावे म्हणून २००७ पर्यंत तो केसांचा टोप घालून काम करीत राहिला. कंपनीच्या नियमानुसार स्त्री-कर्मचाऱ्यांना त्याच वेण्यांची मुभा होती. फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये हा लिंगभेद असल्याचा निर्णय दिला. ज्या युक्तिवादाला १९७५ मध्ये जॉर्जियात दाद मिळाली नाही, जवळजवळ तोच पॅरिसमध्ये मान्य झाला. मार्च २०२४ मध्ये तेथील राष्ट्रीय सभेने केसांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचे विधेयकही पहिल्या वाचनात संमत केले. न्यायाची दिशा बदलते आहे, पण तिचा वेग मंद आहे. आणि तोवर ज्यांची उमेदीची वर्षे जातात ती त्यांना कोणी परत देत नाही.

आपल्या इतिहासातील खूण

महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय अगदी परका वाटू नये. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला तो अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. तेथील काळ्या माणसाचे दुःख आणि येथील शूद्रातिशूद्रांचे दुःख यांचे नाते त्यांनी ओळखले होते. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. विधवेचे केस काढणे हा त्या काळच्या उच्चवर्णीय समाजाचा नियम होता, आणि तोही त्या समाजातील सर्व विधवांना सारखाच लागू होता. त्या समानतेने त्यातील क्रौर्य तिळभर कमी झाले नाही. नियमाच्या मागे शास्त्र आहे असे सांगणाऱ्यांपुढे, हे काम आमच्या हातून होणार नाही, असे वस्तरा धरणारे हात म्हणाले.

दोन्ही प्रसंग एक आहेत असे नव्हे. विधवेचे केशवपन आणि कंपनीची नियमपुस्तिका यांत अंतर आहे, आणि ते पुसून टाकणे अन्यायाचे होईल. परंतु केस हे माणसाच्या मानाचे चिन्ह आहे आणि म्हणूनच सत्ता त्यांच्यावर हात टाकते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. शिवाय नियम बहुधा एका माणसाच्या हातूनच अमलात येतो, हेही दोन्हीकडे दिसते. मुंबईत तो नाभिक होता; मोबीलमध्ये ती कर्मचारी विभागाची व्यवस्थापिका होती. नियम तिने केलेला नसेल. त्यात जटांचा उल्लेखही नव्हता. त्याचा अर्थ मात्र तिने लावला.

कचेरीत, शाळेत, महाविद्यालयात असे अर्थ रोज लावले जातात. मुख्याध्यापक, कार्यालय-प्रमुख, वसतिगृहाचे अधीक्षक हे सर्व आपापल्या क्षेत्रात छोटे नियमकर्तेच असतात. दिसण्याविषयीचा नियम लिहिण्यापूर्वी किंवा लागू करण्यापूर्वी त्यांनी स्वतःला काही प्रश्न विचारले पाहिजेत. या नियमाचा कामाशी संबंध आहे काय? तो पाळण्यासाठी कोणाला केवळ कंगवा फिरवावा लागेल आणि कोणाला आपली टाळू भाजून घ्यावी लागेल? ‘नीटनेटके’ म्हणताना डोळ्यांपुढे कोणाची प्रतिमा उभी राहते? या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे दिली गेली असती, तर मोबीलच्या त्या तरुणीच्या हातातील कागद परत मागण्याची वेळ आली नसती. तिला करावयाचे काम आवाजाचे होते, आणि तिच्या आवाजाविषयी कोणाचीच तक्रार नव्हती.